कूलरवाल्याचा हिवाळा

मे महिन्यात सत्तेचाळीस अंश झेलणाऱ्या या गावात
ऊब विकत घेतात लोक, हे आधी मला पटायचं नाही.
पण डिसेंबर लागला की गोळीबार चौकातल्या माझ्या दुकानात
कूलरच्या मोटारी माळ्यावर जातात
आणि टेबलावर येतात शेकपट्ट्या,
कुणाच्या कमरेचा आकार घेतलेल्या,
कुणाच्या बामाचा वास धरून बसलेल्या.

काल हेडाऊ काकू आल्या.
चाळीस वर्षं मागावर वाकलेली पाठ.
"गुणवंता, गरमच होऊन नाही राहिली बाप्पा.
रातभर लावून झोपतो मी, तरी सकाळी पाठ लाकूड."

मी शिवण उसवली.
आत काही गूढ नसतं. नागमोडी शिवलेली बारीक तार.
वीज तिच्यातून जाता जाता अडते, अडून तापते,
आणि मसुरीच्या दाण्याएवढी एक चकती
फार तापलं की वाट तोडते, निवलं की जोडते.
एवढंच. पुढचं काम शरीर करतं.
कातडीखालच्या वाटा रुंदावतात, रक्त येतं,
आवळून बसलेला स्नायू मूठ सोडतो,
आणि ऊब मेंदूच्या दाराशी अशी गर्दी करते
की दुखण्याला मागे उभं राहावं लागतं,
थोडा वेळ.
थोडाच.

काकूंच्या पट्टीची तार घडीवर मोडली होती.
वर उशी, तिच्यावर पाठ, तिच्यावर रात्र.
विताएवढं कापड तपकिरी, चहा सांडल्यासारखं.
"जोडून दे. किती घेशील?"
"नाही जोडत."
"काहून? धंदा बंद केला का?"

काय सांगू.
माझ्या बापाला साखर होती. पावलं अशी बधिर
की चप्पल वाटेत निसटली तरी घरी आल्यावर कळायचं.
एका जानेवारीत त्यांचे पाय गार पडले, म्हणून मीच,
याच हातांनी दुरुस्त केलेली पट्टी
त्यांच्या टाचांखाली सरकवली
आणि बटण शेवटच्या आकड्यावर नेलं.
रात्रभर ते हलले नाहीत.
मला वाटलं, बरं वाटलं त्यांना.
सकाळी चादर उचलली
तेव्हा आधी वास आला.
मेडिकलच्या वॉर्डात दोन महिने.
"दुखलंच नाही रे," म्हणायचे,
जणू चूक त्यांच्या पायांची होती.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाशी जरा जास्त बोलतो.
परवा एक पोरगा आला, मॅचमध्ये घोटा मुरगळलेला,
सूज टमाटरासारखी, म्हणे पट्टी द्या.
त्याला समोरच्या मासळीवालीकडे पाठवला, बर्फ मागायला.
ताज्या सुजेला शेक म्हणजे आगीत तेल.
नंदनवार मास्तरांना म्हटलं, बाम पुसा आधी,
मधे सुती टॉवेल घ्या, पट्टी अंगावर ठेवा, अंगाखाली नाही,
आणि डोळा लागायच्या आत प्लग काढा.
मास्तर म्हणाले, तू इलेक्ट्रिशियन का डॉक्टर?

"काकू, साखर आहे का तुम्हाला?"
"आहे थोडीशी."
सगळ्यांना थोडीशीच असते.
"पायाला गरम ग्लास लागला तर कळतो?"
त्या पायांकडे बघत राहिल्या,
शेजारणीचे पाय असल्यासारख्या.
"हाताले कळते. पायाचं... कधी पाह्यलं नाही."

मी पक्कड घेतली आणि पट्टीची पिन कापली.
मग नवी पट्टी दिली, आपोआप बंद होणारी, महिन्याच्या उधारीवर.
म्हटलं, पाठीलाच. मंद आकडा. वीस मिनिटं.
पायांना मोजे पुरे, आणि एकदा डॉक्टरला दाखवा.
काकू रागातच गेल्या. जुनी पट्टीही मागून नेली,
पुसायला होते म्हणे.

आज सकाळी त्यांचा नातू दारात.
"आजी विचारून राहिली,
वीस मिनिटं घड्याळातली का दवाखान्यातली?"
मी हसलो. डब्यात हात घालून
जुन्या कूलरचा टायमर शोधला, टिकटिक करणारा,
घंटा अजून शाबूत.
पोराच्या हातात ठेवला. म्हटलं, सांग तिला,
आवाज मोठा आहे.
झोपू देणार नाही.